उलटं रीळ

रविवारी दुपारी बालीगंजच्या फ्लॅटमधले पडदे ओढून ह्यांनी घरच्या प्रोजेक्टरवर चालत्या प्रेतांचा तो सिनेमा पुन्हा लावला. जुन्याच सिनेमावरून नव्याने काढलेला, रंगीत. मला तो पहिल्यांदाही आवडला नव्हता.

संपल्यावर लीनाने नेहमीचा हट्ट धरला, "बाबा, आता उलटा दाखवा ना!"

ह्यांनी रीळ उलटं फिरवलं. भिंतीवरची प्रेतं मागे मागे चालत आपापल्या खड्ड्यांत परत शिरू लागली. लीना खदखदून हसली.

करड्या कोटातला एकटा मात्र पुढेच येत राहिला.

"अहो, सरळ लावा!"

ह्यांनी सरळ लावलं. तरीही तो पुढेच आला.

तेवढ्यात लोडशेडिंग झालं. पंखा थांबला, प्रोजेक्टरचा दिवा विझला.

भिंतीवर आता त्याचा नुसता चेहरा मावत होता, आणि तो अजून येतच होता.