हात लावू नये

डिस्क फिरत होती आणि कॉम्प्युटर म्हणत होता, डिस्क नाहीच.

राधाकृष्णनं तिसऱ्यांदा केबली काढल्या, फुंकल्या, पुन्हा बसवल्या. सगळं जागच्या जागी होतं. दोन वर्षं अर्ज करकरून मिळवलेली ही कपाटाएवढी डिस्क आज सकाळीच संगमनेरजवळच्या शेती संशोधन केंद्रात उतरली होती. बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या शेतातल्या ज्वारीनं तग धरला, त्या नोंदी तिच्यावर चढल्या की कुठलं बियाणं वाटायचं ते पेरणीआधी कळणार होतं. पण साहेबांनी बजावलं होतं, "पाचपर्यंत चालली तर ठेवू. नाहीतर आल्या ट्रकनं परत." ट्रक दारातच उभा होता.

नव्या डिस्कशी कसं बोलायचं, हे कॉम्प्युटरला शिकवणारा प्रोग्राम तीनशे बारा कार्डांवर भोकं पाडून आला होता. राधाकृष्णनं गठ्ठा लावला. यंत्रानं तो भराभर गिळला आणि उत्तर तेच दिलं. चार वाजून गेले होते.

झाडलोट करणारी रोशनबी केरसुणी घेऊन आली आणि त्याचं तोंड बघून दारातच थांबली.

"काय झालं, दादा?"

"सगळी कार्डं आत जातात, तरी मशीन डिस्कला ओळखत नाही. आता काय करू, तुम्हीच सांगा."

"त्या गठ्ठ्यावर सकाळी नारळाचं पानी उडालं हुतं. म्या फडकं घिऊन आल्ते. तुमी वरडला."

ओरडला होता खरा. साहेबांनी पूजेचा नारळ असा काही दणक्यात फोडला, की निम्मं पाणी टेबलावरच्या कार्डांना मिळालं. रोशनबी पुसायला धावली, तर हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून खेकसला. पाटीवर रंगवलेलं होतं, 'हात लावू नये'. तिला वाचता येत नव्हतं, पण खेकसणं कळायला अक्षरओळख लागत नाही.

"मी पुसली होती ना लगेच," तो म्हणाला.

"वरनंच ना?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि गठ्ठा तिच्यापुढे धरला.

रोशनबीनं हात पदराला पुसले. "वीस वर्सं विड्या वळल्यात म्या. भिजल्या पानांच्या चळतीत दोन पानं चिकटली, तर अंगठ्याला कळतं."

तिनं गठ्ठा पोटाशी धरला आणि कडेवरून अंगठा फिरवू लागली. नजर खिडकीबाहेर होती. गठ्ठ्याच्या मध्याच्या जरा अलीकडे अंगठा अडला, मागं गेला, पुन्हा तिथंच अडला.

"हितं."

तिनं नख घातलं. एका कार्डाची दोन झाली.

एकशे अठरावं कार्ड एकशे सतराव्याच्या पाठीला चिकटून दर खेपेला न वाचताच पलीकडे जात होतं. राधाकृष्णनं दोन्ही कार्डं घाईघाईनं नवी पाडली, गठ्ठा लावला आणि देवाचं नाव घेतलं. मशीनला जोडलेला टाइपरायटर खडखडला. कॉम्प्युटरला डिस्क सापडली होती.

पाचला दहा कमी असताना ट्रक रिकामा परत गेला.

राधाकृष्णचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असंही त्याला वाटलं नाही. "रोशनबी, तुम्ही होता म्हणून वाचलो. सकाळचं मनात ठेवू नका. चुकलं माझं."

"आवो, न्हाई ठिवत. फकस्त पुढल्या टायमाला नारळ भाईर फोडा."

दुसऱ्या दिवशी ती आली, तर पाटीवरच्या रंगवलेल्या अक्षरांच्या वर खडूनं आणखी काही लिहिलेलं होतं.

"ह्ये काय लिवलं?"

राधाकृष्णनं वाचून दाखवलं, "रोशनबीशिवाय कुणीही हात लावू नये."

"ह्यात माजं नाव कुटंशी हाय?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग फडकं घेऊन तिनं सगळी पाटी पुसून लख्ख केली, खडूची ओळ तेवढी सोडून.