खडतर वाट

दरवर्षी होणारी माउंटन सायकलची लांब पल्ल्याची शर्यत यंदा पहिल्यांदाच आमच्या बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आली. पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार म्हणून सभापती धोंडीरामअण्णांनी जेसीबी लावला, मुरूम टाकला, डोंगरातली दगडधोंड्यांची वाट गुळगुळीत केली आणि कमानीवर स्वतःचा हसरा फोटो टांगला.

आदल्या दिवशी आयोजकांनी ती वाट पाहून कपाळावर हात मारला. "अण्णा, हे काय केलंत? या शर्यतीला दगडधोंडेच लागतात!"

अण्णा कार्यकर्त्यांवर खेकसले, "आधी का न्हाई सांगितलं रे?"

आयोजकांनी गावकऱ्यांना विचारलं, "दुसरी एखादी खडतर वाट आहे का?"

"हाय की," शहादेव म्हणाला. "याच्यापेक्षा लई भारी."

शर्यत त्या वाटेनं झाली. निम्मे सायकलवाले मधेच बसले, एकाचा हात मोडला. जिंकलेला पोरगा स्टेजवर धापा टाकत म्हणाला, "देशभर फिरलो, पण इतका अवघड ट्रॅक कुठंच नाही!" सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. अण्णा तेवढे स्टेजवरून उतरून गाडीकडं निघाले.

 

तो ट्रॅक म्हणजे अण्णांनी गेल्याच वर्षी नारळ फोडलेला आमच्या गावचा नवा डांबरी रस्ता.