बाहेरचं जेवण

"ओ मावशी, बाहेरचं जेवण आत नेता येत नाही," वॉचमन म्हणाला, आणि जिना उतरणारा भाऊसो मधल्या पायरीवरच थांबला.

पाचगणीतल्या त्या हॉटेलच्या दारात त्याची थोरली बहीण मनुबाई उभी होती. एका हातात कडीचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. घाटाखालच्या तिच्या गावातनं वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन वर आलेली, पातळ पार चुरगळलेलं.

आता मेलो, असं भाऊसोला वाटलं. परवाच त्यानं कुंडलहून तिला फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "आक्का, अवंदा जत्रंला जमायचं न्हाई. उसाला पाण्याची पाळी हाय." आणि आता तो तिच्यासमोर हाफ चड्डीत उभा, छातीवर 'प्राउड पॅरेंट' छापलेला टी-शर्ट. तोही सक्तीचा.

"आलं का रं उसाला पाणी?" मनुबाईनं विचारलं.

"आक्का, तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या अकॅडमीनं ह्या हाटेलाच्या दारातला फोटू टाकलाय. नातवानं दावला. राजा लगीच वळखू आला. तूच वळखू आला न्हाईस."

काय सांगणार? त्याचा पोरगा राजवर्धन आधी शाळेच्या पटांगणात टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायचा. फुकटात आणि मजेत. मग अकॅडमीचे सर आले. पोरात टॅलेंट आहे, एक्स्पोजर पाहिजे म्हणाले. त्या एक्स्पोजरपायी गोवा झालं, इंदूर झालं. इंदूरच्या नादात बायकोच्या, मायाच्या, सख्ख्या भावाचं लग्न हुकलं. आता पाचगणीला हा 'ऑल इंडिया समर कप'. कसलं ऑल इंडिया आणि कसलं काय! सकाळची मॅच शिराळ्याच्या पोरांशी, उद्याची कराडच्या. टेम्पो केला असता तर ती सगळी पोरं कुंडलच्याच पटांगणात येऊन खेळून गेली असती.

पण राहायचं ह्याच हॉटेलात, जेवायचं इथंच. आईबापांनीसुद्धा. भाऊसोनं सरांना विनवून पाहिलं होतं, "सर, माझी सख्खी भैन घाटाखालीच ऱ्हाती. तिथनं रोज सकाळी पोराला वर आणतो की." सर गोड हसून म्हणाले होते, "टीम बाँडिंग असतं ना. स्टे नसेल तर नाव टीममध्ये धरता येत नाही." बहिणीच्या दारावरनं जाऊन हॉटेलात उतरायचं, हे तिला सांगणार कुठल्या तोंडानं? म्हणून उसाला पाणी पाजलं. माया तेव्हा म्हणालीच होती, "माझ्या भावाचं लगीन बुडवलं, आता तुमच्या भैनीची जत्रा. झाली फिट्टंफाट."

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला आयोजकांचा पोरगा आला. "सर, पॅकेजमध्ये डिनर आहे. आज पास्ता आहे."

"पास्ता घाला चुलीत!" भाऊसोच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "जत्रंचं मटान हाय हे. माझ्या भैनीच्या हातचं. ते भाईरचं कसं हो?"

"रूल आहे, सर. उगाच उद्या टीमला पेनल्टी बसायची."

पेनल्टी म्हटल्यावर भाऊसो एकदम गप्प झाला. सर पोराचं नाव काढतील, दोन वर्षांचं सगळं मातीत जाईल. तो एक पाऊल मागं सरला. मनुबाईनं ते पाहिलं. मोठ्यानं बोलणारा आपला भाऊ त्या कालच्या पोरापुढं असा गार झालेला तिनं आजवर पाहिला नव्हता.

"चल," ती म्हणाली. "आत नको तर भाईर बसू."

गेटबाहेरच्या कट्ट्यावर तिनं फडकं पसरलं. भाऊसोनं हाक मारली तसा राजवर्धन धावत आला, मागनं माया. पोरानं "आत्या!" म्हणून मिठी मारली आणि रश्शात भाकरी चुरून असा तुटून पडला, जसं काही त्याला आठवडाभर कुणी वाढलंच नव्हतं. वॉचमन लांबनं बघत होता. मनुबाईनं त्यालाही भाकरीवर मटणाच्या चार फोडी घालून दिल्या. "खा बाबा. भाईर खायाला काय तुज्या सायबाची हरकत न्हाई न्हवं?"

भाऊसो भाकरीचा तुकडा नुसताच रश्शात फिरवत बसला.

"जावंच्या म्हायेरचं समदं आलंतं," मनुबाई भाकरी मोडत म्हणाली. "माज्याकडनं कोण न्हवतं. भाऊ का आला न्हाई म्हणून जो त्यो इचारतुया. म्या म्हटलं, उसाला पाणी हाय."

"चुकलं, आक्का."

"ह्या खोलीचं एका रातीचं काय घेत्यात रं?"

"आता ते कशाला काढतीस?"

"सांग तर."

भाऊसोनं खाली मान घालून सांगितलं. मनुबाईनं तोंडाला पदर लावला.

खाली जाणारी जीप आली. तिनं रिकामा डबा उचलला, पोराच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली आणि दाटीत अंग चोरून बसली. जीप हलता हलता तिनं डोकं बाहेर काढलं.

"भावड्या, म्होरल्या साली म्याबी तेवढंच पैसं घेती. पावती देती फाडून. मंग तरी येशील न्हवं?"