आत्याचं ताट

मध्यप्रदेश राज्य होऊन वर्षच झालं होतं. बाबांचं तेरावं आटोपताच थोरल्या काकांनी नातेवाईक जमवून आजोबांचं मृत्युपत्र उघडलं. ते मोडीत होतं. मोडी आता कुणाला येते? “जुनी इंदूर मोहल्ल्यातलं घर थोरल्याला लिहिलंय. बात खतम,” काका म्हणाले. काकांकडे राहणारी विधवा आत्या चहा देत होती. “दादा, कागद उलटा धरलाय,” ती म्हणाली. लहानपणी आजोबांना कागदावर रेघा आखून देता देता ती मोडी शिकली होती. तिनं कागद सरळ करून वाचलं, “घर दोन्ही मुलांना, निम्मं निम्मं.” काका कडाडले, “माझंच खातेस ना? तुला काय ठेवलंय आबांनी?” आत्यानं कागद शेवटपर्यंत वाचला. “काही नाही. माझं नावच नाही.” कागद आईच्या हाती देऊन ती काकांच्या स्वयंपाकघरातून आपलं पितळी ताट घेऊन आली. “वहिनी, हे तुमच्याकडे ठेवू का?”