सुटलेली रिबीन

दहावीत आल्याआल्या मी थेट चौकातल्या पुतळ्यावर कथा लिहिली. स्वातंत्र्यसैनिक गुरुशांतप्पांवर. बेचाळीस साली पोलीस त्यांना घरातून धरून नेतात, तेव्हा ते उंबऱ्यावरून मागं फिरतात आणि पाच वर्षांच्या लेकीची सुटलेली रिबीन बांधून देतात. रिबिनीचं मी मनानंच घातलं होतं. शाळेच्या हस्तलिखितात कथेला पहिलं पान मिळालं. आठवडाभर मी हवेतच होते.

जयंतीला पुतळ्याला हार घालून पाहुण्यांनी तोच प्रसंग भाषणात सांगितला, इतिहास म्हणून. लोकांनी डोळे पुसले. पहिल्याच रांगेत ती लेक बसली होती. गौरम्मा आजी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी.

"सर, ते खरं नाहीये की," मी शेजारी बसलेल्या आमच्या सरांच्या कानात कुजबुजले.

"गप बस. लई छान झालंय," सर म्हणाले.

चहा सुरू झाल्यावर मला राहवलं नाही. मी आजींपाशी गेले. "आजी, माफ करा. रिबिनीचं मी मनानं लिहिलंय. तसं काही झालंच नव्हतं."

"मला सांगतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "मी दारातच हुते की. अप्पा, अप्पा म्हणून वरडत हुते. त्यांनी वळून बगितलं न्हाई."

मी मंचाकडे वळले. "मग मी आत्ता माईकवर जाऊन खरं सांगते."

आजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नगं ग. एवढ्या वर्सांनी एकदाचे वळल्यात. त्यास्नी परत पाठवू नगंस."