कोरी नोंद

"पत्रिका बघायचो तेच बरं होतं. गुरुजी निदान बसा तरी म्हणायचे," पोलीस ठाण्याच्या खिडकीशी उभे दिगंबरराव पुटपुटले.

झालेल्या अटकांबरोबर पुढे होणाऱ्या अटकांची नोंदही आता कोणालाही मागता येई, आणि ती पाहिल्याशिवाय कोणी सोयरीक जुळवत नसे. मुलगी बदलली की मुलाची नोंद बदले.

हवालदारबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. या मुलाला आधी सांगून आलेल्या दोघींपैकी कुणाशीही लग्न झालं असतं, तर बायकोला मारल्याबद्दल त्याला अटक झाली असती. त्यांच्या रेवतीशी झालं, तर नोंद कोरी.

"बघ, आपल्या लेकीचा पायगुण!" दिगंबरराव बायकोला म्हणाले.

कुमुदताईंना ते पचेना. "त्या दोघींना मारणारा हिलाच बरा सोडेल?"

हवालदारबाई उगाच स्टेपलर शोधू लागल्या. "ताई, तक्रार झाली तरच अटक होते."

"म्हणजे कोरीच ना? मारा शिक्का!" दिगंबरराव म्हणाले.

शेजारी उभ्या रेवतीने कागदावर हात ठेवला.

"बाबा, नोंद तर तुमचीही कोरीच आहे. आईने इतकी वर्षं तुमचा मार खाल्ला, पण तक्रार कधी केली नाही."