सर्चचं बटण

रिटायर झाल्यापासून काकांना रेडिओ स्कॅनरचं खूळ लागलं होतं. सर्चचं बटण दाबलं की आकडे भराभर पळायचे आणि जिथे कुणी वायरलेसवर बोलत असेल तिथे थांबायचे. मग ते टॅक्सीवाले असोत, क्रेनवाले असोत नाहीतर आपल्याच सोसायटीच्या गेटवरचे वॉचमन, काका जिवाचा कान करून ऐकायचे. काकूंनी मात्र तोंड उघडलं रे उघडलं की यांचं बोट वर. "शू. थांब जरा."

एकदा काकूंनी विचारलं, "आणि आपल्याला काही बोलायचं असलं तर?"

"छे गं, हा नुसता ऐकतो. यातून उलट बोलता येत नाही."

काकूंनी ते मनात धरून ठेवलं.

आज दुपारी काकूंची थोरली बहीण गेल्याचा फोन आला. त्या बाहेरच्या खोलीत आल्या. "अहो..."

काकांनी मान न वळवताच बोट वर केलं.

काकूंनी डोळे पुसले, बॅग भरली आणि खाली उतरल्या. गेटवर त्यांनी वॉचमनचा वॉकीटॉकी मागितला. तो घुटमळला. "काकू, यावर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं."

"जाऊ दे की."

वर खिडकीत काकांचं डोकं स्कॅनरवर वाकलेलं दिसत होतं. काकूंनी बटण दाबून धरलं.


"अहो, माझी ताई गेली. मी निघाले, आता परत यायची नाही. शू. नुसतं ऐकायचं."